‘विसरला’ म्हणण्याआधी : विशेष गरजा असलेल्या मुलांना शिकवताना स्मृतीच्या शास्त्राचा उपयोग

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरीच्या वर्गात एक मुलगा होता, ज्याच्या आधीच्या नोंदीत ‘स्मरणशक्ती अत्यंत कमी’ एवढाच शेरा होता. शुक्रवारी गिरवून घेतलेली तीन अक्षरे सोमवारी त्याला ओळखता येत नसत. हाच मुलगा दुपारी खिचडीच्या वेळी ओट्यावर रचलेली तीस-बत्तीस स्टीलची ताटे ज्याची त्याला बिनचूक नेऊन देत असे. ताटांवर नावे कोरलेली होती, पण ती मुलांची नव्हती, तर लग्नात ती भांडी आहेर करणाऱ्या मामा-आत्यांची होती. शिवाय त्याला वाचता मुळीच येत नव्हते. काठावरचा पोचा, तळाचा ओरखडा, एका ताटाचा किंचित वाकलेला कंगोरा, अशा खुणांवरून तो ताट ओळखत होता. ज्याच्याजवळ बत्तीस ताटे राहतात त्याच्याजवळ तीन अक्षरे का राहत नाहीत, हा प्रश्न मला त्या शेऱ्यापेक्षा अधिक उपयोगाचा वाटला. पुढचे सारे विवेचन त्याच प्रश्नाच्या अनुषंगाने केले आहे, आणि ते गावातल्या साध्या शाळेत, एकाच वेळी दोन-तीन इयत्ता सांभाळणाऱ्या शिक्षकाला करता येईल एवढ्याच मर्यादेत ठेवले आहे.

पहिली पायरी : नेमके कुठे अडते ते पाहणे

ॲटकिन्सन आणि शिफ्रिन या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये स्मृतीची तीन टप्प्यांची मांडणी केली : इंद्रियांवर क्षणभर उमटणारा ठसा, थोडा वेळ टिकणारी अल्पकालीन स्मृती आणि दीर्घकालीन साठा. १९७४ मध्ये बॅडली आणि हिच यांनी मधला टप्पा अधिक बारकाईने उलगडला. त्यांच्या मते तो केवळ साठवणीचा कप्पा नसून काम करण्याची जागा आहे. ऐकलेले शब्द मनात घोळवत ठेवणारा एक भाग, चित्र व जागा धरून ठेवणारा दुसरा भाग आणि या दोहोंवर लक्ष ठेवणारा नियंत्रक, अशी त्याची रचना आहे. या टप्प्याला ‘कार्यकारी स्मृती’ म्हणतात. पालकांना समजावताना मी तिला ओंजळ म्हणतो आणि दीर्घकालीन साठ्याला कणगी म्हणतो. कणगी कितीही मोठी असली तरी तिच्यात धान्य ओंजळीनेच पडते, आणि ओंजळ लहान असली किंवा बोटांत फटी असल्या तर दाणे वाटेतच सांडतात.

ओंजळ तपासण्याआधी दोन गोष्टींची खात्री करून घ्यावी. पहिली म्हणजे मुलाला नीट दिसते व ऐकू येते का. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीला येते, त्या वेळी केवळ वजन-उंचीच्या नोंदीवर समाधान न मानता अशा मुलाची दृष्टी व श्रवण आग्रहाने तपासून घ्यावे. दुसरी गोष्ट भाषेची. आपल्या भागात घरी कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोलणारी, मेळघाटात कोरकू बोलणारी मुले पहिलीत मराठी जवळजवळ परक्या भाषेसारखी ऐकतात. अनोळखी भाषेतले शब्द मनात घोळवणे कोणालाही जड जाते, त्यामुळे अशी मुले मंद वाटतात आणि चुकीच्या यादीत जातात. तीच सूचना घरच्या भाषेत मोठ्या बहिणीकरवी देऊन पाहावी. मूल ती सहज पाळत असेल तर अडचण स्मृतीची नाही.

त्यानंतर आठवडाभर, मुलाला परीक्षा वाटणार नाही अशा रीतीने, काही साधी निरीक्षणे करावीत. आधी ‘खडू आण’ म्हणावे, दुसऱ्या दिवशी ‘खडू आणि डस्टर आण’, तिसऱ्या दिवशी ‘खडू, डस्टर आणि हजेरीपट आण’. कितव्या वस्तूला तो दारात घुटमळतो ते टिपावे. शिकवलेले चित्र चार चित्रांतून तो दाखवू शकतो का, आणि समोर काही नसताना त्याचे नाव सांगू शकतो का, या दोन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात, कारण ओळखणे आणि आठवणे ही दोन निराळी कामे आहेत. तीच विचारणा लगेच, जेवणानंतर आणि दुसऱ्या सकाळी अशी तीनदा करावी. यातून चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होते. लगेचही सांगता येत नसेल तर लक्ष, कान किंवा भाषा यांकडे पाहावे. एक वस्तू आणतो पण दोनला गोंधळतो, तर ओंजळ लहान आहे. जेवणापर्यंत टिकते पण सकाळी नाही, तर साठवण कच्ची आहे. दाखवतो पण सांगत नाही, तर कणगीत दाणा आहे, बाहेर काढण्याचे तोंड बुजले आहे. आमचा ताटवाला मुलगा शब्दांच्या बाबतीत एकावर अडत होता आणि चित्रांच्या बाबतीत चारपर्यंत जात होता.

या नोंदी म्हणजे निदान नव्हे. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अधिकृत वैद्यकीय यंत्रणेकडूनच मिळते आणि ते काम तालुक्याच्या गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांमार्फत पुढे न्यावे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ या कायद्यात एकवीस प्रकारच्या अक्षमता धरल्या आहेत, आणि चाळीस टक्के किंवा त्याहून अधिक अक्षमता प्रमाणित झालेल्या मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मात्र प्रमाणपत्र येईपर्यंत शिकवण्याची पद्धत बदलायला कोणाची परवानगी लागत नाही.

दुसरी पायरी : ओंजळीत मावेल एवढेच देणे

जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये अल्पकालीन स्मृतीत साधारण सात घटक, दोन कमी-अधिक, मावतात असे मांडले. २००१ मध्ये नेल्सन कोवान यांनी ती संख्या चारच्या आसपास असल्याचे दाखवले. हे आकडे प्रौढांचे आहेत. लहान मुलाचे कमी, आणि बौद्धिक अक्षमता किंवा लक्षाची अडचण असलेल्या मुलाचे त्याहूनही कमी असतात. तरीही आपण वर्गात सहज म्हणतो : ‘पुस्तक काढा, चोविसावे पान उघडा, वरचे चित्र पाहा आणि खालच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वहीत लिहा.’ यात किमान चार आज्ञा आहेत. अशा मुलाने पुस्तक काढून ते हातात धरून बसणे म्हणजे आळस नाही. त्याच्या ओंजळीत तेवढेच राहिले आहे.

म्हणून एका वेळी एकच सूचना द्यावी, ती कृतीच्या क्रमाने द्यावी आणि देऊन झाल्यावर गप्प राहावे. मूल विचार करत असताना तेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा सांगणे ही आपली फार जुनी सवय आहे. प्रत्येक नवे वाक्य आधीचे ढकलून देते. मनातल्या मनात पाच अंक मोजावेत, मगच पुन्हा बोलावे, आणि बोलताना तेच शब्द वापरावेत. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून मांडलेल्या बोधनिक भाराच्या सिद्धांताचे सार हेच आहे की शिकण्याच्या मूळ कामाशी संबंध नसलेला भार काढून टाकला तर उरलेली जागा शिकण्याला मिळते. फळ्यावर सकाळचे सुविचार, पटसंख्या आणि तीन इयत्तांची गणिते एकत्र असतील, तर या मुलाला पाहण्यासाठी पाटीवर वेगळा, मोकळा भाग द्यावा.

आपल्या लिपीने आणि आपल्या संख्यानामांनी घातलेला भार मात्र परदेशी पुस्तकांत सहसा सापडत नाही, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ‘कि’ उच्चारताना आधी ‘क’ येतो आणि मग ‘इ’. लिहिताना मात्र वेलांटी आधी काढावी लागते. ज्याची ओंजळ एका दाण्याची आहे त्याला आवाजाचा क्रम उलटा करून हातात धरायचा असतो, आणि म्हणून ‘दिवस’ शब्दात तो वेलांटी ‘द’च्या उजवीकडे टाकतो किंवा गाळतोच. अशा मुलाला काही महिने तरी, आधी ‘द’ लिहून मग डावीकडे वेलांटी काढू द्यावी. लेखनाचा शिस्तीचा क्रम नंतर शिकवता येतो. घ आणि ध, भ आणि म ही जोडी एकाच आठवड्यात शिकवू नये. एक अक्षर पूर्ण मुरल्यावरच दुसरे आणावे.

संख्यांचे तसेच आहे. ‘एकवीस’ म्हणताना एक आधी येतो आणि लिहिताना दोन. ‘एकोणतीस’मध्ये तर तीस ऐकू येते आणि लिहायचे असते वीस-नऊ. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशा वाचनाचा पर्याय दिला गेला तेव्हा त्यावर बराच वाद झाला. सर्वसाधारण मुलांसाठी त्याची गरज होती की नाही यावर मतभेद असू शकतात, पण ज्या मुलाची कार्यकारी स्मृती कमकुवत आहे त्याच्यासाठी ‘वीस आणि एक’ ही सोय नसून वाट आहे, असे माझे अनुभवातून झालेले मत आहे. आधी ‘वीस एक’, मग ‘वीस एक, म्हणजे एकवीस’, आणि शेवटी फक्त ‘एकवीस’, असा प्रवास ठेवावा.

तिसरी पायरी : हातातून, डोळ्यांतून आणि मग चिन्हांतून

जेरोम ब्रूनर यांनी १९६०च्या दशकात ज्ञान मनात तीन रूपांत राहते असे सांगितले : कृतीच्या, चित्राच्या आणि चिन्हाच्या. गणितात आपण या तिसऱ्या रूपापासून सुरुवात करतो आणि तिथेच अडकतो. आपल्याकडे पहिल्या रूपाचे साहित्य फुकट आहे. तुराटीच्या वीतभर काड्या तोडून दहा-दहाच्या जुड्या सुतळीने बांधाव्यात. जुडी म्हणजे दशक आणि सुटी काडी म्हणजे एकक. हातच्याची वजाबाकी करताना मुलाने स्वतः सुतळी सोडावी, कारण जुडी सुटल्याचे त्या बोटांना आठवते. चिंचोके आणि सरकी मोजायला चांगली, पण ती दशकाचे रूप दाखवत नाहीत. काड्या पुरत्या हाताळून झाल्यावर वहीत त्यांच्या रेघा काढाव्यात आणि त्यानंतरच अंक लिहावेत. या तीन टप्प्यांना इतर मुलांना तीन तास लागले तर याला तीन आठवडे लागू शकतात.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत ऐकलेले शब्द धरून ठेवणे हे पाहिलेली जागा व चित्रे धरून ठेवण्यापेक्षा सहसा अधिक कठीण असते, असे संशोधनात वारंवार आढळले आहे. म्हणून त्यांच्या बाबतीत तोंडी सांगण्याबरोबर चित्र किंवा खूण हवीच. अध्ययन अक्षमतेमुळे वाचन अडलेल्या मुलांसाठी ग्रेस फर्नाल्ड यांनी रूढ केलेली पद्धत उपयोगी पडते, ज्यात मूल मोठे लिहिलेला शब्द पाहते, बोटाने गिरवते आणि गिरवतानाच मोठ्याने उच्चारते. आम्ही त्यासाठी पत्र्याच्या ताटात बारीक रेती वापरतो. यावरून ‘काही मुले डोळ्यांनी शिकतात, काही कानांनी’ असा सरसकट निष्कर्ष मात्र काढू नये. प्रशिक्षणांत हे वर्गीकरण अजून हौसेने सांगितले जाते; मुलांच्या शैलीनुसार वेगळे शिकवल्याने फायदा होतो याला पुरेसा पुरावा नाही, असे २००८ मध्ये पॅशलर व सहकाऱ्यांनी केलेल्या आढाव्यात स्पष्ट झाले आहे. एकाच गोष्टीला दोन-तीन दारे देणे सगळ्यांनाच मानवते.

ताटांचा उपयोग आम्ही याच टप्प्यावर केला. पांढऱ्या चिकटपट्टीवर प्रत्येक मुलाचे नाव लिहून त्याच्या ताटाला लावले. मुलगा ताट ओळखतच होता. आता ओळखीच्या वस्तूवर अनोळखी आकार आला होता. जे आधीच माहीत आहे त्याला नवे जोडले की ते अधिक खोल जाते, हे क्रेक आणि लॉकहार्ट यांनी १९७२ मध्ये मांडलेल्या ‘प्रक्रियेच्या खोली’च्या विचाराशी जुळते.

चौथी पायरी : विसरण्याच्या आधी पुन्हा भेटणे

हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये दाखवले की शिकलेले सुरुवातीला वेगाने आणि नंतर सावकाश विसरले जाते, आणि उजळणी एका बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांत विभागली तर कमी श्रमात अधिक टिकते. त्यांचाच दुसरा शोध आपल्याला अधिक धीर देणारा आहे : पूर्ण विसरल्यासारखी वाटणारी गोष्ट पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, म्हणजे काहीतरी शिल्लक असतेच.

गावात याचे वेळापत्रक करणे अवघड नाही. आज शिकवलेला शब्द सुट्टी होण्यापूर्वी एकदा, उद्या परिपाठानंतर एकदा, तीन दिवसांनी एकदा, पुढच्या बाजाराच्या दिवशी एकदा आणि महिन्याने एकदा विचारावा. त्यासाठी प्रत्येक शब्द एकेका कार्डावर लिहावा आणि तीन रिकाम्या डब्या ठेवाव्यात. नवी कार्डे पहिल्या डबीत असतात आणि रोज निघतात. बरोबर आलेले कार्ड दुसऱ्या डबीत जाते, जी बाजाराच्या दिवशी उघडते. तिथेही बरोबर आले तर तिसऱ्या डबीत, जी महिन्यातून एकदा उघडते. चुकलेले कार्ड पहिल्या डबीत परत येते. एका वेळी पहिल्या डबीत पाचांहून अधिक कार्डे ठेवू नयेत. सगळे मिळून दिवसाला पाच-सात मिनिटे लागतात.

आपल्या वर्षाची घडी मात्र या वेळापत्रकाला अनुकूल नाही. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा राज्याच्या इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनची कापणी आणि कापसाची वेचणी असते. आईबरोबर मूलही वावरात जाते आणि पंधरा-पंधरा दिवस हजेरीपट रिकामा राहतो. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुले बरीच आहेत, आणि हा आजार वर सांगितलेल्या एकवीस अक्षमतांमध्येही आहे. हातपाय दुखण्याची लाट आली की मूल आठवडाभर घरी असते, आणि काहींच्या बाबतीत मेंदूला रक्त कमी पडल्याने लक्ष व स्मृतीवरही परिणाम होतो. असे मूल परत आल्यावर वर्ग जिथे आहे तिथून सुरुवात करू नये आणि ‘आठव पाहू’ असेही म्हणू नये. पहिल्या दिवशी फक्त ओळखायला द्यावे, दुसऱ्या दिवशी अर्धी मदत करून आठवायला द्यावे. बहुतेक कार्डे तीन-चार दिवसांत जागेवर येतात. त्याला वर्गात पाणी पिण्याची मोकळीक असावी हे वेगळे सांगायला नको.

पाचवी पायरी : विचारावे, पण चुकू देऊ नये

इथे दोन सिद्धांत एकमेकांना आडवे येतात. रोडिगर आणि कार्पिके यांनी २००६ मध्ये दाखवले की पुन्हा वाचण्यापेक्षा आठवून पाहण्याने शिकलेले अधिक टिकते. दुसरीकडे, बॅडली आणि विल्सन यांनी १९९४ मध्ये गंभीर स्मृतिलोप (ॲम्नेशिया) असलेल्या व्यक्तींसोबत काम करताना पाहिले की अशा व्यक्तींना अंदाज बांधायला लावले तर त्यांची चूकच मनात बसते. म्हणून त्यांना चुकू न देता शिकवणे अधिक फलदायी ठरले. मग विचारायचे की नाही?

माझा मार्ग असा आहे. नवे कार्ड असताना प्रश्न आणि उत्तर एकत्रच द्यावे : ‘हे काय? कमल. म्हण, कमल.’ दोन-तीन दिवसांनी प्रश्नानंतर तीन-चार सेकंद थांबावे. उत्तर आले तर छान, नाही तर त्याच्या ओठांवर चुकीचा शब्द येण्याआधी आपण पहिले अक्षर सांगावे. हळूहळू मदत कमी करावी : आधी पूर्ण शब्द, मग पहिला आवाज, मग फक्त चित्राकडे नजर. ज्याला ओळख पक्की झाली आहे त्यालाच पूर्ण मोकळा प्रश्न विचारावा. उत्तर आल्याक्षणी दाद द्यावी. स्किनर यांच्या प्रयोगांतून हे कळते की कृती आणि तिचे फळ यांत अंतर पडले तर संबंध जुळत नाही. शनिवारी मिळणाऱ्या चांदणीपेक्षा आत्ता मिळालेली टाळी मोलाची असते. बक्षीस म्हणून गोळ्या-बिस्किटे मी वापरत नाही, कारण ती संपली की कामही संपते असे मला दिसले आहे.

हात धुणे, बटणे लावणे अशा कामांत साखळी उलटीकडून शिकवावी : वरची सारी बटणे आपण लावावीत आणि शेवटचे त्याला लावू द्यावे, ते जमले की शेवटची दोन. प्रत्येक वेळी काम त्याच्या हाताने पूर्ण होते.

सहावी पायरी : जोडीदार आणि घर

व्हायगॉट्स्की यांनी १९२०च्या दशकात दिव्यांग मुलांसोबत काम करताना आग्रहाने मांडले की शारीरिक उणिवेपेक्षा तिच्यामुळे मुलाचे लोकांत मिसळणे तुटते, ते अधिक नुकसान करते. मूल एकट्याने जे करू शकते आणि कोणाच्या मदतीने जे करू शकते, या दोहोंमधली जागा हीच शिकवण्याची जागा, हा त्यांचा विचार बहुवर्ग शाळेत सहज वापरता येतो, कारण शेजारीच पाचवीचे मूल बसलेले असते. जोडीदार निवडताना सर्वांत हुशार मुलगा घेऊ नये. तो घाईने सगळे स्वतःच करून टाकतो. नुकतेच शिकलेले, थोडे धीमे मूल चांगले. त्याला एकच नियम सांगावा : दाखवायचे, पण पेन्सिल हातात घ्यायची नाही.

घराचे काम सर्वांत नाजूक आहे. शाळेत येणारी गोष्ट घरी येत नाही, ही या मुलांची नेहमीची अडचण असते. एका ठिकाणी शिकलेले दुसरीकडे न्यायला त्यांना वेगळे शिकवावे लागते. त्या मुलाची माय मला एकदा म्हणाली, ‘गुरुजी, शाळेत तं येते म्हन्ता, घरी मले पोरगं काईच सांगत नाई.’ ती सकाळी सातला निंदायला जाते आणि दिवे लागताना परतते. तिला गृहपाठाची वही देणे निरर्थक होते. मी तिला एवढेच सांगितले की ‘काकू, रोज रात्री ताटे मांडताना कोणाचे ताट कोणते हे त्यालाच वाचू द्या, चुकायच्या आत तुम्ही सांगा.’ घरची चार नावे आम्ही पट्ट्यांवर लिहून दिली. पैशांचा सराव बाजारात होतो : एका आठवड्यात फक्त दहाची नोट देऊन फक्त कोथिंबीर आणायची, पुढच्या आठवड्यात वीसची देऊन उरलेले परत आणायचे.

या सगळ्याची नोंद मी शंभर पानी वहीत ठेवतो : तारीख, कोणती कार्डे, किती मदत लागली. दोन आठवडे मदतीचे प्रमाण कमी झाले नाही तर एक पायरी मागे जातो, म्हणजे चिन्हाकडून चित्राकडे, किंवा पाच कार्डांवरून तीनवर. ताटांवरच्या पट्ट्या राखेने घासून पंधरा दिवसांत पुसट होतात आणि नव्या लावाव्या लागतात. वर्षाच्या शेवटी त्या लिहिण्याचे काम त्यानेच मागून घेतले. बत्तीसपैकी एकोणीस नावे तो न पाहता लिहितो, बाकीची जुन्या पट्टीवरून उतरवतो, आणि ‘नितीन’ लिहिताना आधी ‘न’ काढून मग वळून डावीकडे वेलांटी लावतो.